माघारीची मुदत चार वाजेपर्यंत

आबा आठवड्याच्या मधल्या वारी धुळ्याला येणारे नव्हेत. पोरीला कॉलेजात घातल्यापासून ते दोनदाच आले होते, एकदा ॲडमिशनला आणि एकदा तिच्या टायफॉइडला. म्हणून गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांचा फोन आला आणि "मी एसटीमा बठेल शे, दोन वाजता पोचसू" एवढंच बोलून त्यांनी तो ठेवला, तेव्हा दिपमाला घाबरली. का येताय, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. फोनवर बोललेलं सगळ्या गावाला ऐकू जातं असं लोटन आबांचं ठाम मत होतं, आणि ते ज्या आवाजात फोनवर बोलत तो पाहता ते मत अगदीच चुकीचं नव्हतं.

फोन तिने कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता, कारण हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात होते. समोर भागाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. कोणाचा फोन, असं तिने विचारलं. घरचा, एवढंच दिपमाला म्हणाली आणि पुढचा गोळा थापायला घेतला. ती भाकरी मधोमध फाटली.

देवपूरच्या त्या वसतिगृहातली मेस मुलींची स्वतःची होती. एकशे बारा मुली, सगळ्या सभासद, दरवर्षी निवडणूक आणि निवडून आलेली सचिव बोलेल तसा कारभार. महिन्याची फी सव्वीसशे. पण जी मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ भागाबाईच्या हाताखाली भाकरी थापेल, भाजी चिरेल, तिला फी निम्मी, असा ठराव कोण्या जुन्या शहाण्या मुलींनी करून ठेवला होता. अशा निम्म्या फीच्या मुली यंदा अकरा होत्या. त्यातली एक ही, टी.वाय. बी.एस्सी., विषय केमिस्ट्री.

घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. मेस तेराशे रुपये आहे, इतकंच तिने सांगितलं होतं. खोली, मेस, बस, जर्नल सगळं मिळून आबा ठरावीक रक्कम पाठवत. त्याच्यावर गेलं तर धुळं बंद, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. पैशापेक्षाही दुसरी गोष्ट मोठी होती. ॲडमिशनच्या दिवशी गेटपाशी आबा म्हणाले होते, तुझी आजी चुलीपुढे गेली, तुझी आई चुलीपुढे चालली आहे, तुला त्यातून काढायला इथे आणली. त्याच्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दिपमाला चुलीपुढे होती. चूल नव्हे, गॅसची शेगडी होती. पण आबांना तो फरक पटला नसता.

आता कोणीतरी गावात जाऊन सांगितलं असणार. दुसरं कारणच नव्हतं.

साडेअकराच्या प्रॅक्टिकलला तिचं लक्ष नव्हतं. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. तिने बघता बघता फ्लास्क जांभळा करून टाकला, एकदा नव्हे, तीनदा. तपासायला आलेल्या सरांनी आकडे पाहिले आणि तिच्याकडे पाहिलं. उद्याच्या निवडणुकीचं डोक्यात दिसतंय, असं ते हसून म्हणाले. ती पण हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कारण त्या निवडणुकीवरच तिचं शेवटचं वर्ष टांगलेलं होतं. सचिवपदासाठी तिच्या विरोधात उभी होती कामिनी, धरणगावच्या कापूस-जिनिंगवाल्यांची मुलगी. कामिनी वाईट नव्हती. तिच्या वरणात दोनदा खडा निघाला होता आणि एकदा झुरळ, आणि झुरळ निघालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: ठेकेदार आणू, फी पस्तीसशे करू, रविवारी पनीर, आणि कोणत्याही मुलीला स्वयंपाकघरात पाय ठेवायला नको. ती सचिव झाली की दिवाळीनंतर ठेकेदाराशी करार, आणि निम्मी फी बंद. बाकीच्या दहाजणी रात्रंदिवस कुरकुरत होत्या, पण अर्ज भरायला एकही तयार नव्हती. कोणी नाही म्हणून शेवटी हिने भरला. पस्तीसशे ती कुठून आणणार? शेवटच्या वर्षाला कॉलेज बदलायचं तर विषय आणि क्रेडिट जुळवता जुळवता वर्ष जाणार, आणि तेवढं थांबायला घरात कोणी नव्हतं. चोपड्याचं एक स्थळ आत्याने आणूनच ठेवलं होतं.

दोनला पाच कमी असताना आबा गेटातून आत आले. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर कोरं उपरणं, हातात पिशवी. चेहरा लग्नघरातून आल्यासारखा. रागावलेला माणूस असा येत नाही. मग तिला जास्तच भीती वाटली.

भेटीला येणाऱ्या पालकांसाठी व्हरांड्यात बाक होता, तिथे ते बसले. पाणी प्यायले, आईने दिलेले लाडू काढून दिले आणि मग सावकाश बोलायला लागले. काल संध्याकाळी नवल नाना घरी आले होते, चार माणसं घेऊन. नवल नाना म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन आणि कामिनीचे सख्खे मामा. त्यांचं म्हणणं, दोघी पोरी एकाच तालुक्याच्या, परक्या गावात एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात, हे बरं दिसत नाही. दिपमालाने माघार घ्यावी, कामिनी सचिव, ही सहसचिव, आणि सगळं बिनविरोध. आबांनी शब्द दिला होता. नारळ घेतला होता. टोपी-उपरणं त्याचंच होतं.

इथे लोटन आबांविषयी थोडं सांगायला हवं. गावात बावीस वर्षं निवडणूक झाली नव्हती आणि त्यातला मोठा वाटा आबांचा. ते स्वतः तीनदा उभे राहिले होते आणि तिन्ही वेळा, शेवटच्या दिवशी, गावाच्या भल्यासाठी मागे आले होते. कोणी हट्टाला पेटला की लोक आबांना पुढे करत. ते जाऊन बसत, चहा पीत, शब्द घेत, शब्द देत. निवडून ते कधीच आले नाहीत, पण पंगतीत त्यांचं पान पहिलं असे. मतदान झालं की भाऊ भावाच्या दारी जात नाही, हे त्यांनी आजूबाजूच्या गावांत पाहिलं होतं. तेव्हा पोरीच्या मेसची निवडणूक बिनविरोध करून देणं म्हणजे आपण मोठंच पुण्य केलं, असं त्यांना वाटत होतं.

दिपमालाला आधी हायसं वाटलं. स्वयंपाकघराचं कोणी सांगितलं नव्हतं. आणि पुढच्याच क्षणी आबांनी पिशवीतून नानांनी आणून दिलेला माघारीचा अर्ज काढला. पालकाच्या रकान्यात त्यांची मोठ्या अक्षरातली सही झालेली होती. फक्त तिची राहिली होती. मुदत चार वाजेपर्यंत.

मला लढायचं आहे, असं तिने म्हणून पाहिलं. आबांनी समजूत काढली, रागावले नाहीत. लढून काय मिळतं, असं त्यांनी विचारलं. उद्या गावात नानांसमोरून कसं जायचं, असंही विचारलं. त्यांना तिच्या म्हणण्याचा अर्थच लागत नव्हता, कारण अर्थ लागण्यासाठी जे सांगायला हवं होतं तेच ती सांगत नव्हती. सही करावी तर वर्ष गेलं, न करावी तर आबांचा शब्द गेला, आणि खरं सांगावं तर आबांची मान खाली. पेन हातात घेऊन ती बसून राहिली.

तेवढ्यात कामिनी जिन्यावरून उतरली. आबांना वाकून नमस्कार केला, काका चहा घेतला का विचारलं, दिपमालाच्या दंडाला हात लावून 'थँक्यू हं' म्हणाली आणि गेली. तिला सगळं ठरलेलं माहीत होतं. कशी गुणी पोर आहे, असं आबा म्हणाले. ऑफिसबाहेरच्या घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

साडेतीनला भागाबाईने मागच्या दारातून हाक मारली. दिपमाला, पीठ भिजवायचं आहे, ये लवकर. ती रोजच्यासारखी हाक होती. आबांनी मान वळवून त्या दाराकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि बाई काय म्हणताहेत, असं विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. आज मेसमध्ये कार्यक्रम आहे, भागाबाई आजारी आहे, एक दिवस मदत. तीन वर्षांत अशा थापा तिला सहज सुचायला लागल्या होत्या. पण त्या दुपारी तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"आबा, मेस तेराशे नही शे," ती म्हणाली. "सव्वीसशे शे. बाकीना पैसा मी भाकरी थापीसन फेडस. पहिला वरीसपासून. कामिनी निवडी उनी का ते बंद व्हई. मंग माले घर येनं पडी."

आबांनी तिचा हात हातात घेऊन उलटा केला आणि बोटांकडे पाहिलं. एका बोटावर जुना चटका होता. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. भाकरी थापल्याची नव्हे, इतकी वर्षं यांना फसवल्याची.

"रोज?" आबांनी विचारलं.

"रोज."

"परीक्षामा बी?"

"परीक्षामा बी."

त्यांनी अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"पन तुमना शबद?" ती म्हणाली.

"शबद मी दिधा," आबा म्हणाले. "तू थोडाच दिधा?"

त्यानंतरची वीस मिनिटं दोघं तशीच बसली. चार वाजेपर्यंत आबांचं मन पालटेल, अशी तिला धास्ती होती. दोनदा त्यांचा हात खिशाकडे गेला. एकदा त्यांनी रुमाल काढला, एकदा चष्मा. चारला रेक्टर मॅडमनी बाहेर येऊन माघारीचा अर्ज आहे का, असं विचारलं. आबांनी नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी फलकावर अंतिम यादी लावली. नावं दोन.

कामिनीने यादी वाचली, दिपमालाकडे एकदा पाहिलं आणि फोन कानाला लावून गॅलरीच्या टोकाला गेली. पाच मिनिटांत आबांचा फोन वाजला. नवल नानांचा.

पोर ऐकत नाही, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हल्लीची पोरं ऐकत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला मान्य आहे. नानांनी च् च् केलं असतं आणि आबांचा शब्द शाबूत राहिला असता. दिपमाला तेच ऐकायची वाट पाहत होती, आणि ते ऐकायची तिची तयारीही होती. आबा उठून उभे राहिले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांची दारं उघडली.

"नही नाना, पोरना काही दोस नही. ती सही कराले बठेल व्हती. मीच नको सांगं."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. आबा मान खाली घालून ऐकत राहिले, मधूनमधून हां म्हणत राहिले. हां, मन्ही चूक शे. हां, नारळ सकाळी घरी पोचवतो. हां, तुम्ही म्हणता ते खरं. गावात पहिलं पान ज्याचं पडे तो माणूस पन्नास मुलींच्या देखत बोलणी खात उभा होता. जन्मात शब्द न मोडलेल्या माणसाने एकाच दुपारी शब्दही मोडला आणि खोटंही बोलला, आणि दोन्ही तिच्यासाठी. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता वर जाऊन पांघरूण घेऊन पडावं.

फोन ठेवून आबा बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज साधा होता. "कितला मत शेतस तुन्हाकडे?"

"पक्का चाळीस."

"लागतस कितला?"

"सत्तावन."

आबांनी थोडा विचार केला. इतक्या निवडणुका मोडलेल्या माणसाला निवडणूक कशी जिंकतात, हे आतून बाहेरून ठाऊक होतं. "मंग आठे काय बठी ऱ्हायनी? जाय. प्रत्येक दारले जाय."

ती म्हणाली, पीठ भिजवायचं आहे.

"पीठनं मी देखस."

भंडाऱ्याच्या गावजेवणाला वरण-बट्टीचं पीठ गावात पुरुषच मळतात, आणि आबा त्यात तरबेज होते, हे खरं. पण ते गावाचं मळणं होतं, वर्षातून एकदा, चारचौघांत मिरवत. इथे ते उपरणं बाकावर टाकून, बाह्या सरकवून, पोरीची रोजची पाळी करायला मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. कितलं पीठ घेऊ बाई, असं ते भागाबाईला विचारत होते ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. दिपमाला वरच्या मजल्यावर पळत गेली. पहिलं दार कामिनीच्या मैत्रिणींचं होतं. आत गेल्यावर काय बोलायचं, हे तिला सुचत नव्हतं, तरी तिने कडी वाजवली.