पायगुणाचा फासा

कॉलेजातल्या पोरी रील बनवतात, मी जग बनवते. खेळायचं जग. त्यात राजे नाहीत की राक्षस नाहीत, आपल्यासारखीच माणसं आहेत. फक्त प्रत्येकजण एक गुण घेऊन जन्मतो. कुणाला हातगुण, त्यानं मातीत खोचलेल्या काडीलासुद्धा पालवी फुटते. कुणाच्या जिभेला गुण, बोलेल ते खरं होतं. ही जादू मी बाहेरून आणलेली नाही. आमच्या राजुरीत ती रोज बोलली जाते, मी फक्त तिचे नियम केले.

"वृषे, गावच्या अंधश्रद्धेचा तू पार गेमच केलास की!" गोरखदादा म्हणाला होता. दादा चाकणला इंजिनिअर. कुणी मुहूर्त काढायला बसलं की पहिला हसणार तो. मला त्याचा भारी अभिमान.

रविवारी दुपारी ओट्यावर तिघं खेळायला बसलो. समृद्धीवहिनीची पहिलीच वेळ. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी ती पेठला माहेरी जाणार होती, पिशवी भरून दारात ठेवली होती. तिनं चिठ्ठी उचलली. पायगुण निघाला.

"लई भारी गुण हाय," मी सांगितलं. "तू पाऊल टाकशील तिथलं नशीब पालटतं. चांगलं का वाईट, ते फासा ठरवणार."

वहिनी हसली नाही.

खेळ सुरू झाला. तळं आटलेलं एक गाव, आत तहानलेली माणसं. दादा वेशीतून आत शिरला, दोन विनोदही करून झाले. मी वहिनीला म्हणाले, "टाक फासा, ये आत."

"मी बाहेरच थांबते."

"अगं, मग खेळ पुढं कसा जाईल?"

"मी नसले की जाईल. उद्याच्या बोरचं तसंच ठरलंय ना?"

मला काही कळेना. उद्या मळ्यात बोर घ्यायचा होता, ते खरं. आधीचे दोन कोरडे गेले होते, दोन्ही दादाच्या लग्नानंतर. मी आईकडे बघितलं. ती शेंगा फोडत बसली होती आणि वहिनीला माहेरी धाडल्याचा माझा संशय सरळ तिच्यावरच गेला. पण तीही माझ्याइतकीच दचकली.

"मी न्हाई गं काय बोलले! हीच म्हणाली, माहेरची आठवण येती."

मग दादा. त्याची मान खाली.

"दादा, तू?"

"दोन बोर फेल गेले, वृषे," तो पुटपुटला. "मी मानतो असं न्हाई. पण दोन दिवस ती नसली तर काय बिघडतंय?"

कुणी म्हाताऱ्यानं म्हटलं असतं तर त्याला मी सोलून काढलं असतं. हा माझा दादा होता.

वहिनीनं फासा माझ्या हातात ठेवला. "तुझं जग बरंय वृषाली. तिथं फासा तरी टाकू देतात."

तिनं चपला घातल्या, पिशवी उचलली. दादा उठला तशी त्याच्याकडे बघून म्हणाली, "उद्या पाणी न्हाई लागलं तर न्यायला या, मी येईन. लागलं तर येऊ नका. माझाच पाय वाईट व्हता, असं तुमी जन्मभर धराल."

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, बोरची गाडी घरघरायला लागली. पांढरा फुफाटा उडत राहिला. शेतात कांदा करपत चालला होता आणि मी मनात म्हणत होते, कोरडा जाऊ दे, देवा, हाही कोरडा जाऊ दे.

एकाएकी फुफाटा थांबला आणि पाण्याचा लोट उसळला. "लागलं रं लागलं!" शेजारच्या कुशाबांनी दादाच्या पाठीत थाप मारली. "गोरख, पेढं काढ!"

दादा चिंब भिजला, पण हलला नाही. मग एकदम मोटरसायकलकडे धावला.

"कुठं निघालास?" आईनं विचारलं.

"पेठला. तिला आणतो."

"आन् काय सांगशील? पाणी न्हाई लागलं म्हणून?"

किल्ली हातात धरून तो तिथंच उभा राहिला. कपड्यांवरून पाणी निथळत होतं.