दोरीवरचा माणूस

"भीमराजनं बुडी मारली की तू वडापाव खायला घ्यायचा. तुझा वडापाव संपायच्या आत पोरगं वर आलं तर मी हरलो," मी म्हनलं.

"आन हरलास तर?" रंगनाथनं पीठ लागलेल्या भुवया वर केल्या.

"तर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पारनेरच्या बाजारातनं फिरन. पोहायला शिकनाऱ्या बारक्या पोरावानी."

"आन मी हरलो तर मी फिरन! मार टाळी!"

झालं. पैज लागली. रंगनाथची पिठाची गिरनी आन माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान समोरासमोर. दिवसभर दोघांच्या मधनं रस्ता जातो आन पैजा जातात. पन ही पैज लावताना मी एक गोष्ट इसरलो. रंगनाथ जेवतो लई सावकाश. लग्नात पंगत उठून दुसरी बसली तरी ह्याची पहिली पोळी चालूच.

पैज लागायचं कारन भीमराज. शेजारच्या भामावहिनींचं पोरगं, नेव्हीत जाऊन दुसरं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीला आल्तं. आता त्याच्या मनात पाणबुड्यांच्या कोर्सला नाव द्यायचं हुतं. जहाजाच्या बुडाखाली जायचं, अंधारात चाचपून काम करायचं. रंगनाथ बोलला, "टँकरच्या पान्यावर वाढलेलं पोरगं समुद्राच्या तळाला जाऊन काय करनार? हंडा भरनार?" म्हनून मला ईर्षा चढली.

पन खरा घोटाळा वहिनींचा हुता. त्या 'व्हय' म्हनत नव्हत्या. आन आईनं 'व्हय' म्हनल्याबिगर पोरगं नाव द्यायला तयार न्हाई. रविवारी सुट्टी संपत हुती. त्या घरात कुनाचं बूड टेकत नव्हतं. वहिनी घासलेली भांडी परत घासायच्या. पोरगं ओट्यावरनं फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावून परत यायचं. त्यांचं बघून मलाबी खाज सुटायची. मी दुकानातनं उठायचो, गिरनीत जायचो, रंगनाथच्या डोक्यावर मूठभर पीठ टाकून परत यायचो. तरी करमायचं न्हाई.

"वहिनी, भिता कशाला? पोरगं माशावानी पोहतंय," मी एकदा म्हनलं.

"पान्याला कोन भितंय, भाऊजी? ह्यो खाली गेला की वर कुनी हाय हे इसरतो. बारका हुता तवा घसा फुटस्तोवर हाका मारायचे मी विहिरीवरनं. ह्यो आपला एक बुडी, आजून एक बुडी. हितं विहीर हुती, मी काठावर हुते. तिथं समुद्राला काठ कुठं हाय?"

मी उठून दुकानात गेलो आन एक जळकी मोटर उघडून बसलो.

शनिवारी सकाळी माझ्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. यंदाच्या पावसानं विहीर बरी भरली हुती. छबूबाई, म्हंजी रंगनाथची बायको, पंच. भामावहिनी येनार न्हाई म्हनत म्हनत सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या.

मोटर वर काढायची माझी लांब दोरी भीमराजनं कमरेला बांधली आन दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"काका, एक झटका म्हंजी 'बरा हायेस का?' मी बी एक देनार. चार झटके म्हंजी वर ये."

"ह्या बिभीषनच्या हातात दोरी?" रंगनाथ वरडला. "ह्यो पैजंतला गडी! हा कशाला वर बोलवील?"

"आन पोहायला बी येत न्हाई मेल्याला," छबूबाई म्हनल्या.

"दोरीवरच्यानं पोहायचं नसतंय, काकी," भीमराज म्हनला. "ध्यान ठेवायचं असतंय. आमच्याकडं दोरीबिगर, दुसऱ्या मानसाबिगर कुनी उतरत न्हाई. दोरीवरचा गप्पा मारत बसला तर खालचा गेला."

सगळे माझ्याकडं बघून हसले. मी बी हसलो. पन दोरी मनगटाला एक येढा जास्तच घेतली.

पोरानं बुडी मारली. पानी दोनदा हाललं आन मिटलं. रंगनाथनं वडापाव काढला आन कडंचा इवलासा तुकडा तोडला.

"तोंड थांबलं की बाद!" छबूबाई म्हनल्या. "गिळा! रवंथ काय करताय?"

"ठसका लागंल की!"

"लागू द्या. घरी बरं मटनाला ठसका लागत न्हाई!"

मी एक झटका दिला. खालनं लगेच एक आला. गुदगुल्या झाल्यावानी वाटलं मला. पोरगं तळाला मोटरचा पाइप धरून बसलंय आन हा गिरनीवाला घास मोजतोय! मी रंगनाथला वेडावून दाखवलं.

अर्धा वडा गेला. मी दुसरा झटका दिला.

काय न्हाई.

परत दिला. दोरी तशीच. पानी काळं, गप. एक बुडबुडा आला, पन तो पोराचा का विहिरीचा, मला काय कळतंय? मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं हुतं, पन आवाज न्हाई. पदराचं टोक मुठीत पिळून दोरी झालं हुतं.

"शेवटचा घास!" छबूबाई वरडल्या. "बिभीषनभाऊजी, जिंकलात!"

घास रंगनाथच्या बोटात हुता. ओठाला लागला हुता. नुसतं थांबायचं हुतं मला. कसली पैज आन कसलं काय! मी जीव खाऊन दोरी वढली. एक, दोन, तीन, चार!

आन दोरी ढिली पडली. मी काठावरनं वाकून खाली बघाय लागलो. मग भीमराजचं डोकं वर आलं.

"हारला! हारला!" रंगनाथ घास हातात धरून नाचाय लागला.

पोरगं पायरीला धरून दम घेत हुतं. "काका, काय हो? आजून बसलो असतो की मी."

"मग उत्तर का दिलं न्हाई, गाढवा?"

"दोरी कपारीत अडकली हुती. तुमचं पोचलंच न्हाई. मागनं जोरात आले ते चार तेवढे कळले."

भामावहिनी दोन पायऱ्या खाली उतरल्या. "तुला बसता येत हुतं?"

"व्हय."

"पैज हाय हे ठावं हुतं?"

"व्हय, आई."

"मग आलास कशाला?"

"चार झटके आले की यायचं. का, कशाला, ते खाली बसून इचारायचं न्हाई. वर आल्यावर भांडायचं."

वहिनी खाली बसल्या. पदरानं त्याचं डोकं खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसत्यात तसं. पोरगं "आई, लागतंय" म्हनतंय आन ह्या पुसत्यात. मग माझ्याकडं बोट केलं.

"तिकडं दोरीवर कोन असतंय? ह्यांच्यावानी भित्रा मानूस असतोय का?"

"त्याला शिकवूनच उभा करत्यात, आई."

"भित्राच बघून घे. आन दे नाव."

दुसऱ्या दिवशी पारनेरला बाजार भरलेला. रंगनाथनं माझ्या पाठीला तेलाचा डबा इतका आवळून बांधला, की मला खोलवर श्वास बी घेता येईना. वर छबूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं.

"आला, आला! पन्नाशीचा गडी पोहायला निघाला!" रंगनाथ डबा बडवत फुडं. कांद्याच्या ढिगापशी बाया पदर तोंडाला लावून हसाय लागल्या. एका म्हातारीनं इचारलं, "बाबा, विहीर कुठं हाय?" मी म्हनलं, "तीच शोधतोय, आजी." मोबाईल काढून काढून लोक फोटो घेत हुते. मला तर लई मजा आली. मी पोहायचे हातबी मारून दाखवले. त्याच्यावर रंगनाथचं तोंड जरा पडलं.

फेरी संपली तवा भामावहिनी एष्टी स्टँडाकडनं आल्या. पोराला नगरच्या गाडीत बसवून. हातात मोबाईल, दर चार पावलाला त्यात बघायच्या. गाडी आजून गावाबाहेर बी गेली नसंल.

"सोडा आता डबा, रंगनाथभाऊजी," मी म्हनायच्या आधी त्याच म्हनल्या. मग थांबल्या. "का आजून एक फेरी हाय?"

"एकच ठरली हुती," मी म्हनलं.

"मारा की आजून. मी बी येते संगं. घरी जाऊन काय करू?"

रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. मी डबा नीट केला, आन आमी परत कांद्याच्या ढिगाकडनं सुरू केलं.