उशाशी बसलेला बाप

आमच्या मुरियेलचं लग्न झालं, त्या वर्षी तिचा भाऊ फाब्रिस तुलूझला पलंगावर पडून होता. आजारी नव्हता. अंतराळात वजन नसताना माणसाच्या हाडांचं, रक्ताचं काय होतं, हे युरोपातल्या डॉक्टरांना जमिनीवरच तपासायचं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं तीन महिने आडवी ठेवली होती, डोकं पायांपेक्षा खाली. जेवणही तसंच, अंघोळही तशीच. कुणी मध्येच उठला, तर त्याच्यावर घेतलेली सगळी मेहनत वाया.

लग्नाच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, मी उठून येतो. बाबांचं पुढच्या वर्षी काय असेल, कुणी सांगावं?"

माझ्या नवऱ्याच्या, रेमोंच्या, छातीत तेव्हा निम्माच श्वास उरला होता. त्याने फोन माझ्याकडून घेतला. "उठलास तर तंगडं मोडीन. पडून राहा. मीच येतो."

आमच्याकडे लग्नानंतर पहाटे नवरानवरीला बिछान्यातच लसणाचं सूप पाजतात. रेमोंने त्यातलं डबाभर काढून घेतलं आणि आम्ही तुलूझला गेलो. रविवारी भेटायची परवानगी होती.

नादेज नावाची नर्स म्हणाली, "आजोबा, यांचा घासन् घास तोलून देतो आम्ही. एक चमचाही चालणार नाही."

"वास तोलता का?"

तिने जरा विचार केला. "वासाचं काही ठरलेलं नाही."

खुर्चीवरून रेमोंला पोराचा चेहरा नीट दिसेना. मग तो भिंत धरून हळूहळू खाली फरशीवर, उशाशी बसला. दोघांची डोकी शेजारी आली. त्याने झाकण उघडलं.

फाब्रिसने डोळे मिटून वास घेतला. "लसूण कमी पडलाय."

"पडल्या पडल्या अक्कल शिकवतोय," म्हणत रेमोंने त्याच्यादेखत सूप संपवलं.

"बाबा, मी यायला हवं होतं ना?"

रेमोंने आधी श्वास जमवला. "तिथे एवढी माणसं, कुणाशी धड बोलणं झालं नाही. इथे बरंय. तू कुठे पळत नाहीस."

फाब्रिस हसला. डोळ्यांतलं पाणी गालांवर न येता कानशिलावरून केसांत गेलं. रेमोंने ते बाहीने पुसलं. संध्याकाळी रेमोंला फरशीवरून उठवायला मी आणि नादेज, दोघी लागलो. फाब्रिस बघत होता, पण डोकं उचललं नाही.

सप्टेंबरात तो उठला, पुन्हा चालायला शिकला आणि घरी येऊन बापाजवळ राहिला. रेमों पुढच्या वर्षी अकरा फेब्रुवारीला, सकाळी, घरीच वारला.