मला घेण्याआधी काम सांगा

मित्रांनो, मी संगणकाचा प्रोसेसर आहे. जुना म्हणाल तर फार जुना नाही, वापरलेला आहे. पण दुकानाच्या काचेच्या कपाटात पडल्या पडल्या लोकांचे बोलणे ऐकून माझे डोके फिरायची वेळ आली आहे.

मला एका बाईंच्या मोठ्या भावाने निवडले. ऐकू न येणाऱ्या मुलांना बाई घरूनच, पडद्यावरून, खुणांच्या भाषेत शिकवत. एका खिडकीत मुले, दुसरीत धडा, तिसरीत चित्रे, शिवाय पालकांचे निरोप. सगळे एकदम उघडे. त्यांना हवा होता हे सारे मुकाट्याने सांभाळणारा संगणक. दादाला हवा होता सर्वांत तगडा प्रोसेसर.

"अगं, प्रोसेसर दणदणीत घे, बाकी सगळं चालून जातं!"

झाले! सगळे पैसे माझ्यावर गेले आणि मेमरी आली चिमूटभर. मेमरी म्हणजे माझे कामाचे टेबल. मी आठ जणांचे काम एकटा उरकणारा, आणि टेबल स्टुलाएवढे! एक कागद मांडला की दुसरा खाली. तो उचलून आणेपर्यंत मी हातावर हात ठेवून बसलेला. आणि बोलणी कुणाला? मलाच!

एका सकाळी एक लहान मुलगी बाईंना काहीतरी सांगत होती. तिचे दोन्ही हात छातीशी आले आणि चित्र तिथेच थिजले. तिचे सारे बोलणे हातांत होते हो! तिकडे तिला बाईही थिजलेल्याच दिसत होत्या. चित्र सुटले तेव्हा ती रडत होती.

"बाई, तिला वाटतं, तुम्ही तिच्याकडे बघतच नाही," तिची आई म्हणाली. "उद्यापासून बसणार नाही म्हणते."

बाईंनी दादाला बोलावून घेतले. तर हा म्हणतो कसा, "मग याच्याहून वरचा घेऊ!" माझ्या डोक्यावरचा पंखा संतापाने गरगरला.

"दादा, आधी हे बघ." बाईंनी कुणावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी उघडली. मेमरी काठोकाठ भरलेली, मी जवळजवळ रिकामा. "हा नुसता बसून आहे रे."

दादा मान खाजवत राहिला. "मला वाटलं, मोठं घेतलं की प्रश्न मिटला."

"मला काय लागतं, हे विचारलंस का एकदा तरी?"

मग दादाने मला या दुकानात आणले. मला विकून मधल्या ताकदीचा प्रोसेसर आणि भरपूर मेमरी आली. पुढे बाई माऊस घ्यायला दुकानात आल्या, तेव्हा दुकानदार मावशींना हसत सांगत होत्या, "ती मुलगी परत आली. आता इतकी बोलते, की तास संपवू देत नाही!"

मी मात्र कपाटात. येणारा प्रत्येक जण काचेवर बोट टेकवतो, "यात सगळ्यात भारी कोणता?" अरे बाबांनो, तुम्हाला करायचे काय आहे?

काल एका आजोबांनी माझ्याकडेच बोट दाखवले. मावशींनी मला बाहेर काढले आणि विचारले, "आजोबा, काम काय करता?"

"पत्रं लिहितो, गाणी लावतो, नातवंडांशी बोलतो. सगळं एकदम चालू असतं बघा."

"मग हा नको. मधला घ्या, आणि मेमरी जास्त टाका."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. संगणक कुणासाठीही घ्या, पण आधी त्या माणसाजवळ बसून त्याचे काम विचारा.

मावशींनी मला पुसून पुन्हा कपाटात ठेवले. नाकारले गेल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.