चेंडूवरचे बोट

मी एक जुनी होडी आहे. मासेमारीची नव्हे बरं का, मित्रांनो! फेरो बेटांवरच्या आमच्या गावात फुटबॉलचे मैदान समुद्राला अगदी लागून आहे. वाऱ्याने पाण्यात नेलेले चेंडू परत आणणे, हेच माझे काम. सामने सुरू झाले की माझा जीव थाऱ्यावर नसतो. बांधून ठेवले तरी मी दोरीला सारखी हिसके देत असते.

मार्युनने आणि तिच्या वडिलांनी मला याच किनाऱ्यावर फळ्या जोडून घडवले. मार्युन मासळीच्या कारखान्यात काम करते आणि सामन्याच्या दिवशी मला वल्हवते. तिचा भाचा बेइनिर आमच्या संघात खेळतो. आमच्याकडे पेनल्टीच्या वेळी एक जण जमिनीवर पालथा पडून चेंडूवर बोट ठेवतो, नाहीतर वारा चेंडू पळवतो. हे काम बेइनिरचे. "बेइनिरचं बोट म्हणजे खिळा!" असे लोक म्हणत.

यंदा उन्हाळ्यात त्याला देशाच्या संघात घेतले. परदेशातला तो सामना गावाने माझ्या शेजारी, होडीघरात बसून रेडिओवर ऐकला. आम्हाला पेनल्टी मिळाली आणि बेइनिर सवयीने धावत जाऊन पालथा पडला. तिथे साधी झुळूकही नव्हती! हजारो लोक खो खो हसले. रेडिओवाल्यालाही हसू आवरेना. मार्युनने रेडिओ बंद केला. मला फार वाईट वाटले.

परतल्यावर बेइनिर कोणाशी धड बोलेना. "यापुढे मी चेंडूपाशी पालथा पडणार नाही," असे त्याने सांगून टाकले. इकडे आमचा संघ हरत हरत तळाला गेला. शेवटचा सामना जिंकला नाही, तर संघ पलीकडच्या गावाच्या संघात मिसळणार आणि हे मैदान बंद होणार होते. मग मला कोण विचारणार? त्या सामन्याच्या दिवशी मी धक्क्याला नुसत्या धडका देत होते.

सामना बरोबरीत होता. अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. सुतारकाम करणाऱ्या ट्रॉन्डने चेंडू ठेवला. बेइनिर हाताची घडी घालून उभाच! वारा आला आणि चेंडू गडगडत थेट पाण्यात. बाकीचे चेंडू आधीच लांब वाहून गेले होते.

"ए शहाण्या, ये इकडे!" मार्युन ओरडली. "तू घालवलास, तूच आण."

तो माझ्यात येऊन बसला. लाटांनी आम्हाला चांगलेच झोडपले.

"आत्या, सगळे हसले गं मला."

"हसू देत की! त्यांच्याकडे वारा नाही, त्यांना काय कळणार? पण तुझ्यापायी आज मैदान गेलं ना, तर मी हसणार नाही हां."

"चिडलीस?"

"आधी वाक आणि चेंडू उचल!"

त्याने चेंडू उचलला. किनारा लागताच तो ओल्या बुटांनी धावत सुटला आणि पालथा पडून त्याने चेंडूवर बोट ठेवले.

"लाथ बसली तर बोंबलू नकोस," ट्रॉन्ड म्हणाला.

"मार रे तू!"

गोल झाला. मैदान वाचले.

आता थंडीत मी होडीघरात उलटी पडून तळमळते आहे. बेइनिर येऊन माझ्या तळाला डांबर लावून जातो. मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूवर अधूनमधून असा हात फिरवत जा. तुमच्या भाषेत म्हणे मलाही बोटच म्हणतात. ऐकून मला बाई फार बरे वाटले.

बेइनिरला देशाच्या संघाचे पुन्हा बोलावणे आले आहे. वसंतात ते हसणारे पाहुणे आमच्या बेटांवर खेळायला येतील. येऊ देत. आमच्या वाऱ्यात त्यांचा चेंडू कोण धरतो, बघू.