सत्याहत्तरच्या पोर्टचा वास

पन्नास वर्षं बाटलीत काढलेल्या वाइनसमोर माणसानं नम्र व्हावं, असं विद्याधर परब बावीस वर्षं सांगत आला होता. नम्र व्हायची सोय म्हणून मरोळच्या गोडाऊनमध्ये, पोटमाळ्यावर, एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता.

परदेशी दारू आयात करणाऱ्या कंपनीत विद्याधर चाखायच्या कामावर होता. सोसायटीत तो ‘फूड लाइनमध्ये आहे’ असं सांगायचा. त्यातही त्याचा हातखंडा जुन्या व्हिंटेज पोर्टमध्ये. पोर्ट म्हटलं की आपल्याकडे गोव्याहून येताना टॉवेलात गुंडाळून आणलेली गोड बाटली आठवते. ही ती नव्हे. ही पोर्तुगालची, एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत भरून तीस-चाळीस वर्षं विसरून जायची. विसरणं श्रीमंतांना जमतं. मग एक दिवस आठवण होते आणि ते विचारतात, ही अजून जिवंत आहे का? ते सांगणं हे विद्याधरचं काम. बाटली दिवसभर उभी ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, मलमलीतून हळूहळू ओतून घ्यायची, रंग पाहायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवून थुंकायची आणि अहवालाच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं : उरलेलं आयुष्य, इतकी वर्षं.

एप्रिल एकवीसमध्ये कोविडनं त्याचं नाक नेलं. बाकीचा माणूस परत केला. जिभेला गोड, आंबट, कडू एवढं कळत होतं. म्हणजे पोर्ट आणि खोकल्याचं औषध यांत फक्त बाटलीचा फरक उरला होता. डॉक्टर म्हणाले, येईल सहा महिन्यांत. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दवाखाना ठाण्याला हलवला.

हे विद्याधरनं एकाच माणसाला सांगितलं. बायकोला. शकुनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण घाटकोपरच्या मच्छी बाजारात ती टोपलीपासून दोन हात लांब उभी राहून बांगडा शिळा ठरवायची आणि कोळीण वाद घालायची नाही. तेव्हापासून कामाची नवी पद्धत सुरू झाली. जुनी पोर्ट दोन दिवस चाखावी लागते, दुसऱ्या दिवशी घरी, शांततेत, असं त्यानं ऑफिसात जाहीर केलं. शांततेला कुणाची हरकत नव्हती. होमिओपॅथीच्या धुतलेल्या बाटल्यांतून नमुने पंतनगरला घरी येऊ लागले. रात्रीची भांडी आवरली की शकु पदराला हात पुसून ग्लास नाकाशी धरायची.

“काय येतंय?”

“थांबा हो. बाळंतीण अडलीय का कुठे?” मग डोळे मिटून, “कोकमाचं आगळ. त्याच्यामागून... गणपतीला गावचं घर उघडतो ना, तेव्हा पेटाऱ्यातून येतो तो.”

“म्हणजे कुबट?”

“कुबट तुमचं नाक. जुना वास, पण चांगला. लुगड्यांच्या घडीत कुणीतरी लाकडाचा तुकडा ठेवल्यासारखा.”

विद्याधर लिहायचा : सुकवलेली आंबट चेरी, सीडरचं लाकूड, शेवट लांब आणि संयत. उरलेलं आयुष्य, पंधरा वर्षं. अशी साडेचार वर्षं गेली. नवराबायकोत इतकं बोलणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही झालं नव्हतं.

यंदा श्रावणात शकुच्या छातीत गाठ निघाली. दर एकवीस दिवसांनी केमो, एकूण सहा. खर्च कंपनीच्या मेडिक्लेममधून होत होता. त्यात बायको धरलेली असते. विद्याधर नोकरीत असेपर्यंत. त्यानं डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं? डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही हो. विद्याधरला आश्चर्य वाटलं. त्याला सांगता यायचं.

ऑक्टोबरमध्ये मुलुंडच्या एका बिल्डरनं अठरा बाटल्या घेतल्या. सत्तर, सत्याहत्तर आणि पंच्याऐंशी, प्रत्येक सालच्या सहा. डिसेंबरात मुलाचं लग्न, व्याही लंडनचे. त्यांच्यासमोर कुठली उघडावी, असा प्रश्न होता. प्रत्येकातली एक बाटली तपासणीसाठी फोडली. सत्याहत्तरचा रंग विद्याधरला जरा संशयास्पद वाटला, फार लवकर विटकरी झालेला. पण डोक्याला स्कार्फ बांधून बसलेल्या शकुनं ग्लास हुंगला आणि म्हणाली, “अगं बाई! भाजलेले काजू. चुलीवर भाजलेले. आणि मध.” विद्याधरनं सत्याहत्तरला पंचवीस वर्षं दिली, तिघींत सर्वांत जास्त.

नोव्हेंबरात, चौथ्या केमोनंतरच्या रविवारी सकाळी, विद्याधर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. शकु स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. दारावर थापा पडल्या. शेजारच्या द्रौपदीवहिनी.

“अगो शकु, काय जळता गो? जिन्यापर्यंत इलोहा वास! दोन माणसा घरात आसत, आणि वास माका येता!”

विद्याधर आत धावला. गॅसवर दुधाचं पातेलं काळं झालं होतं. धूर छतापर्यंत गेला होता. शकु शेगडीकडे पाठ करून हातभर अंतरावर बसली होती आणि निवांत लसूण सोलत होती.

द्रौपदीवहिनी खिडक्या उघडून, दोघांना चार शब्द सुनावून गेल्या. विद्याधरनं दार लावलं.

“कधीपासून?”

“दुसऱ्या केमोनंतर.”

“मग त्या ऑक्टोबरच्या तीन बाटल्या?”

“आठवून सांगितल्या.”

“काय आठवून? आधी कधी हुंगल्या होत्यास?”

“बाटल्या नाही हो. वास. जे जे आवडायचे ते. सत्याहत्तरच्या वेळी मला काजू खावेसे वाटत होते.”

“मी तिला पंचवीस वर्षं दिलीत, शकु.”

“द्या की. तुमच्या खिशातनं थोडीच जातायत.”

“मला तरी सांगायचंस ना.”

“नोकरी तुमची, पण सुई माझ्या हाताला लागते,” शकु म्हणाली. “आणि तुम्ही कुणाला खरं सांगताय?”

विद्याधरनं काथ्या घेतला आणि पातेलं घासायला बसला. घासता घासता त्यानं हिशेब मांडला. लग्नात सत्याहत्तर उघडणार. ती व्हिनेगर निघाली तर लंडनच्या व्याह्यांसमोर बिल्डरचं नाक कापलं जाणार, आणि संध्याकाळपर्यंत विद्याधर नोकरीबाहेर. त्यापेक्षा आपणहून सांगितलं तर कदाचित स्टॉकवर टाकतील. स्टॉक मोजायला नाक लागत नाही. नोकरी राहील. उरलेल्या दोन केमो होतील.

सोमवारी तो मुकुलच्या केबिनमध्ये गेला. मुकुल मालकांचा पुतण्या, वय एकतीस, वर्षापूर्वी कारभार हातात घेतलेला. विद्याधरनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाक, होमिओपॅथीच्या बाटल्या, काजू.

“एक मिनिट, सर. म्हणजे साडेचार वर्षं वहिनी हुंगायच्या?”

“हो.”

“झकास यार,” मुकुल म्हणाला, आणि लगेच, “सॉरी. वहिनींची तब्येत आता कशी आहे?”

“बरी आहे. मुलुंडचे रिपोर्ट परत मागवा, एवढंच सांगायला आलो. सत्याहत्तर लग्नात उघडू नका म्हणावं.”

मुकुलनं लॅपटॉप पुढे ओढला. बराच वेळ शोधलं. “मुलुंडला रिपोर्ट गेलाच नाहीये, सर.”

“मी तुम्हाला ऑक्टोबरमध्येच मेल केला होता.”

“हो, आलाय ना. इथेच आहे. उघडलेला नाही.” तो खाली खाली सरकत गेला. “मी आल्यापासूनचे सगळेच इथे आहेत. क्लायंट काय करतो, सर, लेबलवरचं वर्ष बघतो, फोटो काढतो. रिपोर्ट कोण मागतंय? आणि तो मुलुंडवाला बाटल्या लग्नात उघडत नाहीये. हॉलमध्ये शोकेस करून घेतलंय त्यानं, आत लाइट सोडलीय. मला फोटो पाठवला.”

विद्याधर स्टॉकच्या जागेबद्दल बोलला.

“स्टॉकला स्कॅनर आला ना दिवाळीत.” मुकुल खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा खरोखरच विचारात पडलेला होता. “खरं सांगू, सर? तुम्ही आज आला नसतात ना, तर ही पोस्ट आपल्याकडे आहे हे माझ्या लक्षातही आलं नसतं.”

त्यानं लॅपटॉप मिटला.

“पण फसवलं-बिसवलं असलं काही मी लिहिणार नाही. बावीस वर्षं झालीत तुम्हाला. व्यवस्थित रिलीव्हिंग लेटर देतो. आणि मेडिक्लेम लगेच नाही तोडत, तीस नोव्हेंबरपर्यंत पूर्ण चालू राहील. वहिनींना सांगा, टेन्शन घ्यायचं नाही.”

विद्याधर थँक्यू म्हणाला.

पाचवी केमो दोन डिसेंबरला होती.