खिडकीतला ट्रे

"रोपं मला नका शिकवू," हे थोरलीचं ठरलेलं वाक्य. आणि बोलायची ते खोटंही नव्हतं. पाणी जास्त झालंय की कमी पडलंय, हे ती दारातूनच पानाकडे बघून सांगायची. म्हणून तर त्या चार दिवसांत दुसऱ्या कुणाला विचारावं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

थंडी मरणाची पडली होती. दोघी जावांचं रोपघर ते काय, लोखंडी कमानींवर ताणलेलं प्लास्टिक, आत टोमॅटोची आठ हजार रोपं आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी. थोरलीने झरोके बांधून टाकले, एकूण एक फट गोणपाटाने बुजवली. दुसऱ्या दिवशी टोमॅटोची पानं खाली वळली. "गारठली बिचारी," म्हणत तिने शेगडी मोठी केली. तिसऱ्या दिवशी पानं आणखी वळली. तिने शेगडी आणखी मोठी केली. निळी ज्योत पिवळी झाली होती, पण तिकडे लक्ष द्यायला सवड होती कुणाला!

धाकटी दिवसभर आतच असायची. ट्रेमधलं एकेक कोवळं रोप उचलून कपात लावायचं, हे तिचं काम. थोरली माती आणायला, गिऱ्हाइकांकडे, सारखी बाहेर.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, डोकं फार ठणकतंय हो. मळमळतंय पण."

"तुझं डोकं बरं काम बघून दुखतं! घरी गेलीस की कसं थांबतं गं?"

"घरी खरंच थांबतं," धाकटी म्हणाली.

"बघ, मी म्हटलं ना! ते काही नाही. दोन हजार कप झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि दार उघडलंस तर याद राख, सगळी ऊब जाईल."

धाकटीने पुढचा कप ओढला. तिचा स्वभावच तसा, उलट बोलणं तिला जन्मात जमलं नाही.

दुपारी थोरली घरी जेवायला आली. आजारी रोपं बाकीच्यांत ठेवायची नाहीत, ही तिची जुनी शिस्त. त्यामुळे सगळ्यात वाईट अवस्थेतला एक ट्रे तिने आदल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत आणून ठेवला होता. हात धुता धुता तिची नजर तिकडे गेली. पानं वर आली होती. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त रोपं पुन्हा सरळ झाली होती.

"हे काय नवीन?" ती स्वतःशीच म्हणाली. माती तीच, पाणी तेच. थंडी तर इथे उलट जास्त. मग या रोपांना इथे मिळालं तरी काय?

तिने अजून वळलेल्या एका पानाचा देठ चिमटीत धरला. देठ ताठ होता. गारठलेलं किंवा तहानलेलं रोप लुळं पडतं. हे लुळं पडलं नव्हतं, ताठच्या ताठ खाली वळलं होतं. आणि असं तिने पूर्वी एकदा पाहिलं होतं. माहेरी, वडिलांच्या केळी पिकवायच्या खोलीत. केळी पिकावीत म्हणून दार लावून आत धुराची धुमी पेटवायचे, तेव्हा कुणीतरी आत विसरलेलं टोमॅटोचं झाड दुसऱ्या दिवशी असंच वळलेलं निघालं होतं. वडील तेव्हा ओरडले होते, "हवेतलं विष झाडाला कळलं, तुम्हाला कळायचं नाही! धुमी पेटली की या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. माणूस बसल्या जागी झोपतं आणि उठत नाही."

बंद खोली. पिवळी ज्योत. आणि आत धाकटी.

वाढलेलं ताट तसंच टाकून थोरली अनवाणी धावत सुटली. धावता धावता दवाखान्यात फोन केला, काय बोलली तिचं तिला ठाऊक. रोपघर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मेला रस्ता संपेचना. "अगं ए! उघड दार! बाहेर ये!" ती लांबूनच ओरडत होती. आतून ओ नाही.

दार हलेना. खालून तिनेच ठासलेलं गोणपाट अडकलं होतं. कमरेचा कलमाचा चाकू काढून तिने प्लास्टिक वरपासून खालपर्यंत टराटरा फाडलं. ज्या प्लास्टिकला नख लागलं तरी ती दिवसभर बोलायची, तेच.

धाकटी टेबलावर डोकं टेकून पडली होती. गाल लालबुंद, डोळे मिटलेले, चिमटीत एक रोप तसंच धरलेलं. थोरलीने श्वास रोखून तिच्या काखांत हात घातले आणि तिला ओढत बाहेर आणलं, गार मातीवर निजवलं.

"ऊठ गं बाई माझी. ऊठ ना. पाया पडते तुझ्या," म्हणत ती तिचे गाल चोळत राहिली. छाती हलतेय की नाही तेच समजेना. अशी भीती थोरलीला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दवाखान्याची गाडी वळणावर दिसली, तेव्हा धाकटी एकदम ओकली. मग खोकली. डोळे किलकिले करून तिने जावेकडे पाहिलं आणि घाबरून उठायची धडपड केली.

"अठराशे झालेत, जाऊबाई," ती कशीबशी म्हणाली. "दोनशेच राहिलेत. दार मी नाही हो उघडलं."